मागच्या गल्लीतलं दार

टेपचं एक टोक केसरीनाथने स्वतःच धरलं होतं. उत्पादन शुल्क खात्याचा जवान धरतो म्हणाला होता, पण केसरीनाथने ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि आपल्या परमिट रूमच्या दारात, उंबऱ्याच्या बरोबर मध्यावर टेकवून उकिडवा बसला. जवान टेप सोडत रस्त्याच्या कडेने चालू लागला. त्याच्यामागून खात्याचे साहेब, काखेत फाइल. टेप संपला की जवान खडूची खूण करी, हाक मारी, आणि पन्नाशीला टेकलेला, गावात शेठ म्हणवला जाणारा केसरीनाथ रामू तरे उठून धावत त्या खुणेपाशी जाऊन पुन्हा उकिडवा बसे. अंगावरून कंटेनर जात होते. काल्हेरच्या गोदामांची धूळ त्याच्या पांढऱ्या शर्टावर बसत होती.

चिंता अशी त्याला नव्हतीच. गावदेवीचं देऊळ रस्त्यापासून चांगलं आत होतं, चिंचेच्या पलीकडे. सरकारचा नियम असा, की देव आणि दारू यांच्यात पंचाहत्तर मीटर अंतर असलं म्हणजे दोघांचंही नीट चालतं. इथे तर त्याहून कितीतरी जास्त होतं. अर्ज करण्याआधी त्याने ते स्वतः चालून पाहिलं होतं.

साहेब कमानीपाशी थांबले.

"इथवर घ्या," ते जवानाला म्हणाले.

"साहेब, देऊळ आत हाय," केसरीनाथ गुडघ्यांवर हात टेकून उठला. "ही नुसती कमान."

साहेबांनी मान वर केली. लाल दगडाची कमान, दोन्ही खांबांवर सिंह, वर कळस. मधोमध सोनेरी अक्षरं होती: श्री गावदेवी मंदिर, मुख्य प्रवेशद्वार. त्याखाली संगमरवरी पाटीवर: कै. रामू धर्मा तरे यांच्या स्मरणार्थ.

"मुख्य प्रवेशद्वार," साहेबांनी वाचून दाखवलं. "अंतर प्रवेशद्वारापासूनच धरतात. माणूस चालत जाईल त्या वाटेनं." त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट थोडी कीवच होती. "कुणी बांधली हो?"

केसरीनाथच्या हातून टेपचं टोक सुटलं. पत्र्याची ती पट्टी खडखडत जवानाच्या डबीत परत गेली.

"मीच," तो म्हणाला.

अंतर कमी पडलं. फार नाही, पण नियमाला थोडं आणि फार यांतला फरक कळत नाही.

कमान गेल्याच वर्षीची होती. खाडीकडची भातशेती गोदामवाल्यांना गेली तेव्हा केसरीनाथच्या हातात पहिल्यांदाच मोठा पैसा आला. त्यातून त्याने दोन गोष्टी उभ्या केल्या, रस्त्यावर हॉटेल आणि देवळाला कमान. देवी येणाऱ्या-जाणाऱ्याला रस्त्यावरून दिसली पाहिजे, असं ट्रस्टच्या बैठकीत तोच तावातावाने बोलला होता. आता ती सगळ्यांना दिसत होती आणि साहेबांनाही दिसली. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा, आणि तोही लाल दगडाचा, घडवून घेतलेला, हे त्याच्यासारख्यालाच जमलं असतं.

हॉटेलचं सगळं तयार होतं. रस्त्याला तोंड करून दोन दारं होती, डावीकडचं फॅमिलीचं, उजवीकडचं परमिट रूमचं. फॅमिलीच्या बाजूला जेवण चालू झालं होतं, पण गोदामांतली माणसं संध्याकाळी नुसतं जेवायला बसत नाहीत. ती प्यायला बसतात आणि पिता पिता जेवतात. परमिट रूमचा काउंटर, ग्लासांच्या मांडण्या, निळे दिवे, सगळं प्लॅस्टिकखाली झाकून ठेवलेलं होतं. लायसन आलं नाही तर पावसाळ्यापर्यंत हॉटेललाच कुलूप लागणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. शेतं तर गेलीच होती. परत जायला मागे काही नव्हतं.

त्याने जीवनला फोन केला.

लायसनवाला जीवन दुपारी स्कूटरवरून आला. ठाण्यापासून पडघ्यापर्यंतच्या निम्म्या बारांचे कागद त्याच्या हातून गेले होते, आणि काही अडलं की त्याला उलट हुरूप चढायचा. त्याने हॉटेलभोवती एक फेरी मारली, मागच्या गल्लीत शिरला, आणि चाव्यांच्या जुडग्याने मागच्या भिंतीवर टकटक केलं.

"शेठ, हे फोडा."

"काय?"

"इथनं दार काढा, पुढचं बुजवून टाका. गिऱ्हाईक गल्लीतनं येणार. गल्ली पार त्या टोकाला रस्त्याला लागते, म्हणजे वळसा पडला. अंतर आरामात बसतं. एकदम कायदेशीर, कुणाच्या बापाला बोलता येणार नाही." मग तो हसला. "नाहीतर कमान पाडा. पण ती तुमच्या बापाच्या नावाची. म्हणून म्हणतो, भिंत फोडा."

केसरीनाथ भिंतीकडे बघत राहिला. विटांची, नऊ इंची, खालपासून वरपर्यंत अखंड भिंत. खिडकी नाही, झरोका नाही. स्वयंपाकघराचा धूर बाहेर टाकणारा पाइपसुद्धा त्याने मुद्दाम गच्चीवरून नेला होता. त्या भिंतीचा त्याला कमानीपेक्षा जास्त अभिमान होता, फक्त भिंतीवर कुणी नावं कोरत नाही. आणि भिंतीसमोर, गल्लीच्या चार हात जागेपलीकडे, त्याच्या धाकट्या भावाचं, दीपेशचं दार होतं.

दीपेश प्यायचा. नुसता प्यायचा नाही, बुडाला होता. अंजूरफाट्याच्या बारांतून, गटारांच्या कडेवरून, एकदा तर टेंपोच्या मागच्या फळीवरून विनिताने, त्याच्या बायकोने, त्याला रिक्षात घालून घरी आणला होता. मग एकदाचा तो व्यसनमुक्ती केंद्रात गेला आणि परत आला तो निराळाच माणूस होऊन. दोन वर्षं झाली, थेंब नाही. राहनाळला गोदामात सुपरवायझर होता, सकाळची शिफ्ट करायचा आणि उन्हं कलायच्या आत घरी यायचा. केंद्रातून तो एक विचित्र सवय घेऊन आला होता. दारात चपला काढल्या की जोडीने, टाचा भिंतीला लावून, सरळ रेषेत ठेवायच्या. आक्का, दोघा भावांची आई, त्याच्याकडेच राहायची आणि कधी कधी नुसती त्या चपलांकडे बघत बसायची.

हॉटेलची जागा दोघा भावांच्या नावावर होती. बांधकामाच्या वेळी विनिताने आक्कासमोर एकच गोष्ट मागितली होती. "भाऊजी, तुम्ही धंदा करा, आमची सही घ्या. पन मागल्या अंगाला दार नको, खिडकी नको. याला वास यायला नको, उजेड दिसायला नको." केसरीनाथने शब्द दिला होता. भिंत म्हणजे तो शब्दच होता.

संध्याकाळी तो नामाकडे गेला. नामा देवळाच्या ट्रस्टचा अध्यक्ष होता, आणि लहानपणी दोघांनी एकाच होडीतून खाडीत चिंबोऱ्या धरल्या होत्या. नामाने सगळं ऐकून घेतलं, सुपारी कातरली, तोंडात टाकली.

"ट्रस्टचं काय जातंय? तुझी कमान, तू बांधलीस, तू काढ," तो म्हणाला. "पन केसरी, गावाला काय सांगशील? देवीच्या दारातनं बापाचं नाव उतरवलं, कशासाठी? तर दारूच्या लायसनसाठी?"

केसरीनाथ उठला. वाटेत कमानीखालून जाताना त्याने वर पाहिलं नाही.

दीपेशच्या घरी आक्का पायरीवर बसून सुकटीतला कचरा निवडत होती. तिच्या कानावर सगळं आलंच होतं.

"पाड ती कमान," ती सुकटीतून नजर न काढता म्हणाली.

"आक्का, बाबांचं नाव हाय त्याच्यावर."

"तो मानूस जल्मात कदी सुद्दीत देवलात गेला न्हाय. त्याला कमान कशाला?"

केसरीनाथला हसू आलं, पण ते त्याने गिळलं. "लोक काय बोलतील?"

आता आक्काने मान वर केली. "दीपेश फाट्यावर पडला व्हता, तवा लोकं आलती का आनाला?"

 बाप प्यायचा हे गावाला ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्याला ती कमान हवी होती. चिखलात पडलेल्या रामूचा पोरगा, ही ओळख त्याने पन्नास वर्षं अंगावर वागवली होती. सोनेरी अक्षरं लागली त्या दिवशी ती उतरली असं त्याला मनापासून वाटलं होतं. हे आईला सांगायची त्याला लाज वाटली.

जीवनने कागद आणला. नवा नकाशा, मागच्या बाजूला दार, जागेच्या दुसऱ्या मालकाची संमती. केसरीनाथ तो घेऊन गल्ली ओलांडून गेला तेव्हा दीपेश नुकताच ड्युटीवरून येऊन हातपाय धूत होता. चपला भिंतीला लागून उभ्या होत्या. विनिता जवळा धूत होती. केसरीनाथने काय झालं ते सांगितलं, पण जरा घाईघाईने आणि दीपेशकडे बघून. विनिताकडे बघायचं त्याने टाळलं.

"एवढंच ना?" दीपेश म्हणाला. "मना वाटलं काय झालं."

"तुला चालत नसंल तर सांग."

"दादा, पिनाऱ्याला भिंत अडवते का? मी सोडली ती काय तुझ्या भिंतीमुळं?" हे तो भावाला बोलत होता, पण ऐकवत होता बायकोला. "दोन वर्षं झाली. अजून सगळे माझ्याकडं असं बघतात, जसा काय मी काचेचा हाय. आन इकडं."

त्याने कागद गुडघ्यावर घेतला आणि सही केली. सही करताना त्याचा हात जरासुद्धा हलला नाही. आपला हात हलत नाही हे दादाने बघावं म्हणून त्याने ती सावकाश केली. केसरीनाथला एकदम भरून आलं. भाऊ माणसात आला होता, आणि वर धंद्याला हातभार लावत होता. याहून काय हवं?

विनिता आत गेली. तिने चहा केला. कप त्याच्या हातात देताना ती म्हणाली, "भाऊजी, मी याला लई वेळा आनलाय. कुठनं कुठनं आनलाय ते तुम्हाला ठाव हाय."

"विनिता, मी..."

"आता मी आनाला जानार न्हाय. तुमच्या दारात तर न्हायच."

"अगं, पन कोन चाललंय तिथं?" दीपेश हसला.

"असं काय होनार न्हाय," केसरीनाथ म्हणाला. "मी हाय ना. माझी नजर असंल."

चहा त्याने उभ्याउभ्याच संपवला.

भिंत फोडायला गवंड्याला एक सकाळ पुरली. चांगली बांधलेली भिंत, तिच्यातून विटा सुट्या निघत नव्हत्या, तुकडेच पडत होते. आक्काने गल्लीत वाळत घातलेली सुकट उचलून आत नेली. साहेब पुन्हा आले, जवानाने पुन्हा टेप लावला. या खेपेला केसरीनाथने टोक धरलं नाही, तो लांब उभा राहिला. वाट गल्लीतून निघाली, दीपेशच्या पायरीला घासून गेली, टोकाला वळली, रस्त्याने कमानीपर्यंत आली, आणि अंतर बसलं. साहेबांनी जे मोजलं ते बरोबरच मोजलं. चुकीचं असं त्यात काही नव्हतं.

लायसन आलं. त्याची चौकट काउंटरच्या मागे लागली, गणपतीच्या तसबिरीच्या शेजारी. पूजेच्या दिवशी केसरीनाथने सगळ्या वेटरांना गल्लीत उभं केलं आणि समोरच्या दाराकडे बोट दाखवलं.

"ये मेरा घर है. इधर का कोई भी आदमी आएगा, जो माँगेगा वो देने का. पैसे का नाम नहीं लेने का. समझा?"

म्हणताना त्याच्या मनात आक्का होती. तिला बिर्याणी आवडायची. विनिता होती, थकलेल्या दिवशी तिला चूल पेटवावी लागू नये. आपल्या मोठेपणाचं त्याला त्या दिवशी समाधान वाटलं, आणि ते खोटंही नव्हतं.

धंदा पहिल्या आठवड्यापासूनच लागला. केसरीनाथ पुढे, फॅमिलीच्या गल्ल्यावर बसायचा. बायको आणि मुली ठाण्याच्या फ्लॅटवर, मुलींच्या कॉलेजसाठी, म्हणून तो जेवायचाही तिथेच आणि झोपायचाही वरच्या खोलीत. परमिट रूमला कॅमेरे लावावे लागतात, तसे लावले होते. त्यांचा स्क्रीन गल्ल्याशेजारी होता. एक कॅमेरा मागच्या दाराच्या डोक्यावर, गल्लीकडे तोंड करून. त्याच्या चित्राच्या डाव्या कोपऱ्यात दीपेशची पायरी यायची.

केसरीनाथला त्या कोपऱ्याचा नाद लागला; आतल्या निळ्या उजेडातल्या चित्रांत चेहरे ओळखू येत नसत, तिकडे तो बघायचाही नाही. चार वाजून गेले की गिऱ्हाइकाला सुटे देता देता तो डोळ्याच्या कडेने तिथे बघायचा. थोड्या वेळाने पायरीवर चपला दिसायच्या. टाचा भिंतीला, सरळ रेषेत. म्हणजे भाऊ घरी आला, हातपाय धुतले, चहा पीत असेल. मग केसरीनाथला हलकं वाटायचं आणि तो वेटरांवर ओरडायला मोकळा व्हायचा. जेवणाच्या गर्दीतही तो अधूनमधून बघायचा. चपला तिथेच असायच्या. देवळात जाऊन दिवा बघून यावं तसं ते बघणं होतं, रोजचं आणि मनाला पुरणारं. गल्लीत जायची त्याला गरज पडली नाही. खरं सांगायचं तर, दार काढल्यापासून त्या गल्लीत पाऊल टाकायचं त्याच्या जिवावर यायचं.

घरच्यांचा राग मात्र गेला नव्हता, असं त्याला वाटायचं. पूर्वी कालवण केलं की आक्का वाटीभर पाठवायची, ते बंद झालं. विनिता रस्त्यावर समोर आली तर थांबायची, त्याच्याकडे बघायची, काहीतरी बोलेल असं वाटायचं, आणि मग न बोलता निघून जायची. एकदा तर ती त्याच्या गल्ल्यासमोर येऊन उभी राहिली. त्याने घाईने विचारलं, "काय देऊ? बिर्याणी बांधू?" ती स्क्रीनकडे बघत होती. चित्रात तिचीच पायरी होती. "काय नको," म्हणाली आणि गेली. बायकांचे राग असे लवकर जात नाहीत, असं त्याने स्वतःला समजावलं. दीपेश दिसला की हात करायचा. जरा वाळल्यासारखा वाटायचा, पण गोदामात कामच तसं होतं.

उन्हाळ्यात रस्ता रुंद करायचं निघालं. अधिकारी आले, मोजणी झाली, आणि कमानीच्या दोन्ही खांबांवर लाल रंगाची फुली उमटली. नामा ट्रस्टचा कागद घेऊन दोनदा कचेरीत जाऊन आला. देऊळ आत असल्यामुळे त्याला धक्का नव्हता, कमान तेवढी जाणार होती. गावात कुणी फारसं बोललं नाही. सरकारी काम म्हटल्यावर कुणाचं नाव कुठे गेलं याचं लोकांना काय?

पोकलेन आलं तो दिवस बुधवारचा होता. केसरीनाथ फॅमिलीचा गल्ला मॅनेजरच्या हाती देऊन तिथे जाऊन उभा राहिला. पहिला सिंह पडला तेव्हा बघणाऱ्यांतून कुणीतरी शिट्टी मारली. नामाने ड्रायव्हरला थांबवून बापाच्या नावाची संगमरवरी पाटी तेवढी आधी उतरवून घेतली आणि केसरीनाथच्या हातात दिली.

"घे. घरात लाव कुठंतरी," तो म्हणाला. मग जरा थांबून, "तेव्हाच पाडली असतीस, तर मागचं दार काढाला लागलं नसतं."

तो टोचून बोलला नव्हता. सहज बोलला होता. पण केसरीनाथ धुरळ्यातून पलीकडे बघत राहिला. कमान गेल्यावर देवळाचं जुनं लोखंडी फाटक दिसायला लागलं होतं, पार आत, चिंचेपलीकडे. तिथून मोजलं असतं तर पुढचंच दार चाललं असतं. भिंतही राहिली असती. ज्या नावासाठी भिंत फोडली ते नाव आता त्याच्या दोन हातांत होतं आणि ते इतकं जड होतं की मनगटं भरून आली होती.

परत निघाला तर हॉटेलच्या पुढ्यातच कंटेनर अडकून पडले होते. पोकलेनने अर्धा रस्ता अडवला होता, राडारोड्याच्या ढिगाने उरलेला. पाटी घेऊन त्यातून जाणं शक्य नव्हतं. मग तो गल्लीच्या टोकाकडे वळला. मागच्या दाराने आत जाऊ, पाटी परमिट रूमच्या स्टोअरमध्ये ठेवू, असा त्याने विचार केला.

अजून उजेड होता. गल्लीत बिअरची झाकणं मातीत रुतलेली होती आणि भिंतीच्या कडेला कुणीतरी मुतल्याचा ओला पट्टा होता. हे कॅमेऱ्यात दिसलं नव्हतं. दीपेशच्या पायरीवर चपला होत्या, जोडीने, टाचा भिंतीला. केसरीनाथ त्यांच्याकडे बघून थांबला. एवढ्या सगळ्यात तेवढं एक बरं आहे, असं त्याच्या मनात आलं. घरात डोकावून भावाला हाक मारावी, पाटीला हात लाव म्हणावं, असंही आलं. पण आधी ओझं उतरवू म्हणून तो परमिट रूममध्ये शिरला.

आत निळा उजेड होता. डोळे सरावायला वेळ लागला. संध्याकाळची गर्दी व्हायची होती, दोन-तीन टेबलं भरली होती. त्याने पाटी टेकवायला म्हणून जवळचं रिकामं टेबल पाहिलं, वाकला, आणि वाकल्यावर त्याला कोपऱ्यातल्या टेबलाखाली दोन पाय दिसले.

अनवाणी पाय होते. बोटांना गल्लीतली माती लागलेली. बारमध्ये कुणी अनवाणी येत नाही. आपल्याच अंगणातून आपल्याच घरात आलेला माणूसच तसा येतो.

पाटी कशी खाली ठेवली ते त्याला कळलं नाही. दीपेशचं डोकं भिंतीला टेकलेलं होतं, तोंड उघडं. समोर क्वार्टर, तळाशी घोटभर उरलेली, आणि उकडलेल्या अंड्यांची बशी. केसरीनाथने त्याच्या खांद्याला हात लावला. दीपेशने डोळे उघडले, ओळखलं, आणि लहानपणी चोरून पेरू खाताना पकडला गेला की हसायचा तसं हसला.

"दादा, आलास?" तो म्हणाला. "जेवलास का?"

वेटर धावत आला. शेठचा चेहरा बघून तो दोन पावलं लांबच उभा राहिला.

"कबसे आता है ये?"

"रोज आते हैं, शेठ. ड्यूटी से आके." वेटर चाचरला. "आपने ही तो बोला था. घर का आदमी है. जो माँगे वो देना."

केसरीनाथने हात उचलला होता. तो त्याने वेटरवर टाकला नाही. तो हात त्याने दीपेशच्या काखेत घातला आणि त्याला उठवलं. भावाचं अंग हलकं होतं, पाटीपेक्षा हलकं. दोघं दाराबाहेर आले. दीपेशचे पाय वाट ओळखत होते, ते आपोआप पायरीकडे वळले. गल्ली ओलांडायला वेळ लागलाच नाही.

विनिता दारात उभी होती. ती दचकली नाही, ओरडली नाही, पुढेही आली नाही. दोघं पायरीशी आले तशी ती वाकली आणि त्यांना चढायला जागा व्हावी म्हणून दीपेशच्या चपला हाताने बाजूला सारल्या. मग तिने दुसऱ्या काखेत हात घातला. आत आक्का भिंतीकडे तोंड करून पडली होती. दोघांनी मिळून दीपेशला चटईवर आडवा केला. विनिताने त्याच्या पायांवरची माती ओल्या फडक्याने पुसली, रोजचं काम करावं तशी.

"कधीपास्नं?" केसरीनाथने विचारलं. 

विनिताचा फडक्याचा हात थांबला. तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. खरंच काही कळत नसल्यासारखं तिने पाहिलं.

"म्हंजे तुम्हाला ठाव नव्हतं?"

 विनिताने उघड्या दारातून बाहेर पाहिलं, गल्लीपलीकडे, परमिट रूमच्या दाराच्या वर, जिथे कॅमेऱ्याचा लाल दिवा लागलेला होता.

"मी रोज तुमची वाट बघायची," ती म्हणाली. "मना वाटायचं, तुम्ही बघताव."